मदत हवी आहे: अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) असलेल्या मुलाचे झेल सुटतात, सराव कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा, शाळेच्या ज्युनियर व्हर्सिटी (मुख्य संघाच्या खालच्या) संघात रनिंग बॅक आहे. यंदा कोच त्याला सामन्यात आठ-दहा वेळा क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्याच्या) शेजारून काढून बाहेर स्लॉटमध्ये, म्हणजे पास झेलणाऱ्यांच्या जागी, उभा करतात. आधी मला धसकाच बसला, वाटलं याच्याकडून पळायचं काम काढून घेतायत. मग एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या रनिंग बॅकचे जुने सामने बघितले. रॉजर क्रेगने १९८५ मध्ये, मार्शल फॉकने १९९९ मध्ये आणि ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१९ मध्ये एकाच मोसमात धावून हजार यार्ड आणि झेलांवरही हजार यार्ड काढले होते. मॅकॅफ्रीचे झेल तर ११६! आता कळतंय की मोकळ्या जागेत चपळ बॅकला आवरणं लाइनबॅकरला (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूला) जड जातं. त्याच्याऐवजी सेफ्टी (मागच्या फळीतला बचावपटू) आणला की मधली फळी हलकी होते आणि पळायला वाट मिळते. म्हणजे कोचचं बरोबर आहे, अडचण आमच्याकडे आहे.

स्क्रीन आणि स्विंग हे छोटे पास तो सहज घेतो. घोळ होतो तो व्हील रूट या पळायच्या ठरलेल्या मार्गावर. आधी बाजूच्या रेषेकडे निघायचं, मग वर वळून सुसाट पळायचं, आणि बॉल मागून खांद्यावरून येतो. गेल्या सामन्यात असे तीन आले, तिन्ही सुटले. घरी येऊन तो जेवलासुद्धा नाही.

रविवारी मागच्या अंगणात मी बॉल टाकले आणि बायकोने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपलं. बॉल हातात पडायच्या आतच त्याची मान पुढे वळते, डोळे पळायची वाट शोधायला लागतात. ही सवय मोडायची कशी? आणि ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा बचावपटूंची चढाई) आला तर आधी अडवायचं की रूटला निघायचं, यातही तो गडबडतो. कोणी खेळलं किंवा शिकवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
दादा, मी इथल्या मुलांच्या संघाला शिकवायला मदत करतो. त्याचे हात बघा. छातीवरच्या बॉलला अंगठे जवळ लागतात, खांद्यावरून येणाऱ्याला करंगळ्या. बॉलवर खडूने मोठे आकडे लिहा आणि झेलताना आकडा मोठ्याने म्हणायला लावा. बॉल काखेत जाईपर्यंत मान हलवायची नाही. आधी उभ्याने, मग चालत, मग पळत. हात लवकर पसरू देऊ नका, वेग मरतो. ब्लिट्झचं म्हणाल तर निघण्याआधी आपल्या वाट्याचा लाइनबॅकर बघायचा. तो आत घुसला तर अडवायचं, नाहीतर निघायचं. आणि व्हीलचा एवढा ताण घेऊ नका. फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलच्या अंतिम सामन्यात) पेट्रियट्स ३-२८ असे मागे होते, तिथून जिंकले. त्यात त्यांचा रनिंग बॅक जेम्स व्हाइटचे १४ झेल आणि ११० यार्ड, म्हणजे झेलामागे आठ यार्डही नाहीत. छोटे पास पक्के करा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आज आकडे लिहून तासभर घेतलं. पहिल्या दहात सहा सुटले, शेवटच्या दहात दोनच, आणि ते दोन्ही डाव्या खांद्यावरून आलेले. त्या बाजूसाठी काही वेगळं करायचं का?