खलनायिकेची कीव येते की तिच्याविषयी सहानुभूती वाटते?

प्रश्न (भुसावळ) : जपानी धर्तीच्या पुनर्जन्मकथांत आपल्या जगातील एखादी मुलगी मरण पावते आणि तिने पूर्वी खेळलेल्या खेळातील किंवा वाचलेल्या कादंबरीतील दुष्ट सरदारकन्येच्या रूपाने जागी होते. मोडलेला वाङ्निश्चय, हद्दपारी, क्वचित शिरच्छेद असा त्या पात्राचा शेवट तिला आधीच ठाऊक असतो. अशा पात्राविषयी वाचकाला जे वाटते त्याला कीव म्हणावे की सहानुभूती? मुळात तिला ‘खलनायिका’ म्हणणे योग्य आहे का?

उत्तर (अमळनेर) : दुसरा प्रश्न आधी घेतो. जपानीत या पात्राला ‘अकुयाकु रेइजो’ म्हणतात. ‘अकुयाकु’ म्हणजे खलपात्राची भूमिका आणि ‘रेइजो’ म्हणजे खानदानी घरातील लेक. दुष्टपणा तिच्या स्वभावापेक्षा वाट्याला आलेल्या भूमिकेत आहे, हे त्या नावातच सूचित होते. आपला ‘खलनायिका’ हा शब्द मालिकांतील कारस्थानी जावांनी पार झिजवला असला तरी तो रूढ आहे, म्हणून मी तोच ठेवीन. खळ आणि त्याचा वाकडेपणा यांत भेद करणे आपल्यालाही नवे नाही : पसायदानात खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांची ‘व्यंकटी सांडो’ असे म्हटले आहे.

आता कीव. ‘कीव येणे’ आणि ‘कीव करणे’ यांत मोठे अंतर आहे. कीव येते ती आपोआप. आपल्या अहिराणीतही ‘माले तिनी दया येस’ असेच म्हणतात. कीव करणारा मात्र वरच्या पायरीवर उभा असतो, आणि ‘तुमच्या बुद्धीची कीव करावीशी वाटते’ या वाक्यात तर निव्वळ तुच्छताच उरते. पुनर्जन्मकथेचा वाचक असा वर उभा नसतो, कारण तो नायिकेच्या डोळ्यांनीच पाहतो आणि पुढच्या शिक्षेची धास्ती तिच्याबरोबरच घेतो. म्हणून येथे ‘सहानुभूती’ हाच शब्द नेमका आहे.

परंतु ‘पुनर्जन्म’ हा शब्द सरसकट वापरणे मला खटकते. काही कथांत सरदारकन्येला लहानपणीच मागचा जन्म आठवतो. तिला ‘जातिस्मर’ म्हणावे, आणि तेथे खलनायिका व नायिका एकच जीव असतात. इतर कथांत परका जीव तरुण मुलीच्या देहात अचानक शिरतो. तो परकायाप्रवेश झाला, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ असलेल्या आपल्या मुलखाला अशा योगकथांचे अप्रूप नाही. या दुसऱ्या प्रकारात आपली सहानुभूती खलनायिकेला मिळतच नाही, तर तिच्या देहात राहायला आलेलीला मिळते.

प्रतिप्रश्न (धुळे) : मग देहाबाहेर गेलेल्या त्या मूळ मुलीविषयी जे वाटते त्याला काय म्हणायचे?

उत्तर (अमळनेर) : हळहळ. सहानुभूतीला समोर कुणीतरी असावे लागते; हळहळ हातून गेलेल्यासाठी असते, जसे ‘तरणी पोर गेली म्हणून सारा गाव हळहळला’. बहुतेक लेखक मात्र पहिल्या काही पानांतच त्या मूळ मुलीला इतकी क्रूर रंगवतात की ती कुठे गेली, असे विचारण्याचे वाचकाला सुचतही नाही.