माल्कम एक्स : ‘नागरी हक्क’ की ‘मानवी हक्क’?

प्रश्न
१९६४ पासून अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स ‘नागरी हक्क’ सोडून सतत ‘मानवी हक्क’ म्हणतात. हा नुसता शब्दबदल होता, की कायद्याच्या दृष्टीने काही फरक पडत होता? आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं प्रकरण संयुक्त राष्ट्रांत का गेलं नाही?

प्रतिसाद १
फरक मोठा होता. नागरी हक्क म्हटले की दाद अमेरिकेच्याच सरकारकडे आणि कोर्टात मागायची, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच दारात. मानवी हक्क म्हटले की संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा पुढे ठेवता येतो आणि आफ्रिका-आशियातल्या नव्या स्वतंत्र देशांना बोलायला जागा मिळते. एप्रिल १९६४ मधल्या क्लीव्हलंडच्या भाषणात त्यांनी हेच उलगडून सांगितलं. जुलैत कैरोला आफ्रिकी एकता संघटनेची शिखर परिषद भरली, तिथे निरीक्षक म्हणून जाऊन त्यांनी राष्ट्रप्रमुखांना निवेदन दिलं : आमचा प्रश्न तुम्ही संयुक्त राष्ट्रांत मांडा.

प्रतिसाद २
‘तुम्ही मांडा’ यातच मेख आहे. आमसभेत विषय मांडायला सदस्य देशच लागतो. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(७) आडवं येतं : देशांतर्गत बाबींत हस्तक्षेप नाही. तरी त्यातून वाट निघत होती. १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचा प्रश्न आमसभेत नेला, दक्षिण आफ्रिकेने देशांतर्गत बाब म्हणून विरोध केला, तरीही ठराव झालाच. माल्कम यांच्यामागे असा एकही देश उभा राहिला नाही. कैरो परिषदेचा ठराव नीट वाचा. २ जुलैला अमेरिकेत झालेल्या नागरी हक्क कायद्याबद्दल समाधान, चालू वर्णद्वेषाबद्दल तीव्र चिंता, अमेरिकी सरकारला प्रयत्न वाढवण्याचं आवाहन. संयुक्त राष्ट्रांत जाण्याबद्दल मात्र एक शब्द नाही.

प्रतिसाद ३
ही वाट त्यांनी पहिल्यांदा धरली असंही नाही. १९४७ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांनी संपादित केलेला एन.ए.ए.सी.पी.चा (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकी संघटनेचा) अर्ज संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला होता, पण मानवी हक्कांच्या तक्रारींवर कारवाईचा अधिकारच आपल्याला नाही, अशी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाची त्या वर्षीची भूमिका होती. (त्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, नॅशनल निग्रो काँग्रेसच्या अशाच अर्जाची प्रत मिळावी म्हणून बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. दलितांचा प्रश्न तिथे नेण्याचा विचार त्यामागे होता. दोघांचाही पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे.)

प्रतिसाद २
वर्णभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करार २१ डिसेंबर १९६५ ला मंजूर झाला, माल्कम यांच्या हत्येनंतर बरोबर दहा महिन्यांनी. त्याच्या कलम १४ नुसार व्यक्तीलाही तक्रार करता येते, पण आधी देशाने तशी वेगळी घोषणा करावी लागते. अमेरिकेने करार स्वीकारला १९९४ मध्ये, ती घोषणा मात्र केलेली नाही.