मदत हवी आहे: मंडळीची (चर्चची) मूल्ये एका पानात कशी मांडायची?

जय ख्रिस्त मंडळी!

आमचं चर्च नगर जिल्ह्यातल्या एका गावात आहे, मूळचं अमेरिकन मराठी मिशनचं. 1970 साली सहा चर्च-संघटनांच्या ऐक्यातून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हापासून आम्ही त्यात. पाळकसाहेबांनी 'आपली मूल्ये' असा एक फलक लिहायला सांगितलाय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय.

'ऐक्य, साक्ष, सेवा' हे सीएनआयचं ब्रीद वर घालीनच. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 2:42 पण घेतलंय: शिक्षण, सहवास, भाकर मोडणे, प्रार्थना. पण एवढंच लिहिलं तर तो फलक कुठल्याही चर्चला चालेल! आमच्याकडे हंगामाच्या सणाला बाजरी, कोंबड्या, भोपळे वेदीपुढे येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. दोनशेचा भोपळा हजाराला घेणारा माणूस तो पुन्हा लिलावात ठेवतो. याला कुठलं मूल्य म्हणायचं? 'दातृत्व' फार कोरडं वाटतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळ-पेटीवर म्हणतो, तेही यायला हवं.

खरी अडचण वेगळीच आहे. गलतीकरांस 3:28 लिहावं असं तरुण संघ म्हणतो, 'तुम्ही सर्व ख्रिस्तात एक'. काही वडीलधारे म्हणतात, लग्न जमवताना आपण अजून जात विचारतो, मग भिंतीवर कशाला? मला वाटतं, म्हणूनच लिहावं.

तुमच्या मंडळीत असा फलक आहे का? मजकूर कोणी ठरवला, पास्टरेट कमिटीने (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीने) की सभासदांच्या सभेने? फोटो असेल तर टाका. रविवारी कच्चा मसुदा दाखवायचाय.