संस्थेत अत्याचार सोसलेल्यांना भरपाई कोर्टाबाहेर मिळावी का?

शिरीष_दादर
कुलाब्याचं अँकरेज प्रकरण आठवतंय का कुणाला? रस्त्यावरच्या मुलांसाठीच्या निवाऱ्यात डंकन ग्रँट आणि अ‍ॅलन वॉटर्स या दोन ब्रिटिशांनी मुलांचं लैंगिक शोषण केलं. २००१ मध्ये तक्रार, २००६ मध्ये सत्र न्यायालयात शिक्षा, २००८ मध्ये उच्च न्यायालयातून सुटका, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. तेवढ्यात साक्ष देणारी पोरं मोठी झाली.

माझं म्हणणं, बालगृहांत आणि आश्रमशाळांत लहानपणी हे सोसलेल्यांसाठी सरकारने कोर्टाबाहेर एक मंडळ नेमावं. ते म्हणणं ऐकून घेईल आणि भरपाई देईल. आयर्लंडने २००२ मध्ये हे केलं, ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये. ऑस्ट्रेलियात कमाल दीड लाख डॉलर, आणि फौजदारी खटल्याइतका पुरावा लागत नाही. आपल्याकडेही मुलाला संस्थेत पाठवते ती बालकल्याण समिती सरकारनेच नेमलेली. मग नामानिराळं कसं राहता येईल?

वकील_मावशी
साफ असहमत. गुन्ह्याची किंमत ठरवून पैसे हातावर ठेवले की गुन्हेगार मोकळा. आयर्लंडचं उदाहरण अर्धंच दिलंत. तिथे धार्मिक संस्थांनी सरकारशी करार करून १२ कोटी ८० लाख युरोंत अंग काढून घेतलं, बाकीचं बिल करदात्यांनी भरलं. वर भरपाई घेणाऱ्याने त्याबद्दल जाहीर बोलायचं नाही, असं कायद्यातच घातलं. याला न्याय म्हणायचं?

इथे रस्ता बंद नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा असला तरी त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहिता लागू होते. बलात्कार किंवा ३७७ (अनैसर्गिक संभोग) सारख्या गंभीर कलमांना मुदतीची मर्यादाच नाही. आज पन्नाशीतला माणूसही फिर्याद देऊ शकतो.

मडगावकार
मावशी, देऊ शकतो हो, पण देतो कोण? आमच्या मडगावात फ्रेडी पीट्स अनाथाश्रम चालवायचा. गाव त्याला देवमाणूस समजायचं. १९९१ मध्ये धाड पडली आणि मुलांचे दोन हजारांवर फोटो व निगेटिव्ह सापडले. १९९६ मध्ये जन्मठेप. ते फोटो नसते तर पोरांवर कुणी विश्वास ठेवला असता, असं वाटतं तुम्हाला? मला नाही वाटत.

अधीक्षक_काका
मी तालुक्याच्या गावी मुलांचं बालगृह सांभाळतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. अनुदान वर्ष उलटलं तरी येत नाही, किराणा उधारीवर. काळजीवाहकाला जो पगार देतो तो सांगायची लाज वाटते. अशात कुठल्याशा मंडळापुढे पुराव्याशिवाय पैसे मिळतात म्हटल्यावर जुनी भांडणं उकरून अर्ज येतील. देणगीदार एका बातमीने पळतात, आणि उपाशी राहतात ती आजची पोरं. वाईट संस्था बंद करा, तपासणी वाढवा. सगळ्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

पानगळ
तुम्ही सगळे पैशांवर भांडताय. मी संस्थेत वाढलोय. काय झालं ते इथे लिहिणार नाही. तेव्हा एका ताईंना सांगितलं होतं, त्यांनी अधीक्षकांना सांगितलं आणि त्या रात्री मला जेवण मिळालं नाही. आज कायद्याने त्या ताईंना पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा नव्हतं.

बाहेर पडल्यावरचं सांगतो, ते कुणी बोलत नाही. २०१८ पासून महाराष्ट्रात अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. त्यासाठी दाखला हवा, आणि माझे कागद संस्थेत. म्हणजे ज्या ऑफिसात पाय टाकायचा नाही असं ठरवलं होतं, तिथेच हात जोडून उभा राहिलो. समोर तोच माणूस. "आठवण ठेवलीस रे," म्हणाला. फाइल हातात दिली नाही, हवी तेवढी पानं झेरॉक्स करून दिली. त्या फाइलमध्ये माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला आजही माहीत नाही.

अधीक्षक काका, खोटे अर्ज येतील म्हणता. जुनी रजिस्टरं, तपासणीचे शेरे, कोण कधी कामावर होतं, हे तुमच्याच कपाटात असतं ना? तेच पडताळा. ते कपाट मात्र संस्थेकडून काढून जिल्ह्याला द्या.

वकील_मावशी
फाइलचा मुद्दा मान्य. त्याला मंडळ कशाला, शासन आदेश पुरेल. पैशांबाबत मत तेच आहे.

शिरीष_दादर
अत्याचारपीडितांना मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजनाही गुन्हा नोंदवल्यावरच पैसे देते, मावशी, आणि ती २०१३ ची, त्याआधीच्या घटनांना नाही. पानगळसारख्यांना त्यातून काय मिळणार?

अधीक्षक_काका
पानगळ, जिल्ह्याच्या कार्यालयात गठ्ठे वाळवी खाते, हे डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे निदान कुलूप तरी आहे.

पानगळ
काका, किल्ली कुणाकडे असते तेच तर विचारतोय.