'द बेअर' पाहिलेल्या कोल्हापूरकरांचे अनुभव

नमस्कार मंडळी. 'द बेअर' ही अमेरिकी मालिका पाहणाऱ्यांत एकच वाद सतत ऐकू येतो: एवढी भांडणं, एवढी रडारड, मग ही मालिका विनोदी कशी? 2024 च्या जानेवारीत एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांच्या सोहळ्यात तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा मान मिळाला, त्या खेपेला एकूण दहा एमी तिच्या नावावर लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा अकरा, तोवर एका वर्षात विनोदी मालिकेला मिळालेल्या सर्वाधिक. मुख्य मान मात्र त्या वेळी 'हॅक्स' या दुसऱ्या मालिकेकडे गेला.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शिकागोतलं एक जुनं सँडविचचं दुकान. ते चालवणारा मायकी आत्महत्या करतो आणि मोठमोठ्या हॉटेलांत नाव काढलेला धाकटा भाऊ कार्मी ते सांभाळायला घरी परततो. डोक्यावर कर्ज, हाताखाली कुणाचंही न ऐकणारी माणसं.

माझं मत आधीच सांगतो. स्वयंपाकघर हे कामाचं ठिकाण आहे, तिथं माणसं थकतात, भाजतात, एकमेकांवर खेकसतात आणि तरी ताट वेळेवर बाहेर जातं, हे इतक्या खरेपणानं दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. आपल्या गावात निम्म्या गल्ल्यांत खानावळ आहे. म्हणून इथल्या लोकांनाच विचारावंसं वाटलं की कोणता प्रसंग तुमच्या मनात राहिला आणि का? कथानक उघड होणार आहे, बेतानं वाचा.

मंगळवार पेठ, घरची खानावळ

पहिल्या सीझनचा सातवा भाग. दुकानात नवीन पार्सलची सोय सुरू होते, आगाऊ ऑर्डरचा पर्याय चुकून चालू राहतो आणि दुकान उघडायच्या आधीच प्रिंटरमधून कागद यायला लागतात. थांबतच नाहीत. जवळजवळ सगळा भाग कॅमेरा न तोडता, एका दमात घेतलाय. बघताना माझ्या पायाला मुंग्या आल्या.

आखाडातला शेवटचा रविवार आमच्याकडे असाच असतो. कट्ट्यावर डबे मांडलेले, दारात गाड्या, आत मटण शिजायला अजून वीस मिनिटं. त्यात पांढरा रस्सा म्हणजे तान्ह्या बाळासारखा, नजर हलली की गेला. नारळाचं दूध जोरात उकळलं की फुटतं, मग कितीही हलवा, वर तेलाचे डोळे आणि खाली चोथा. म्हणून गर्दी कितीही असू दे, एक माणूस पळी घेऊन त्या पातेल्यापाशी उभा पाहिजेच. आमच्यात ते काम सासूबाईंचं. त्यांना त्या वेळी देवानं हाक मारली तरी त्या ओ देणार नाहीत.

त्या भागात दुकानात गोड पदार्थ करणाऱ्या मार्कसनं मन लावून केलेला डोनट कार्मी हात मारून खाली पाडतो. इतक्या गोंधळातही मला राग आला तो त्याचाच. ऑर्डर चुकते, कागद वाढतात, हे होतंच. पण कुणी जीव लावून केलेला जिन्नस जमिनीवर टाकायचा नसतो. आमच्या मामंजींनी आचाऱ्यावर कितीदा आवाज चढवला असेल, पण त्याच्या हातच्या पातेल्याला कधी बोट लावलं नाही.

ताराबाई पार्क, हॉटेलात सर्व्हिसला

दादा, मला फक्त रिचीवर, म्हणजे मायकीच्या त्या दुकानातल्या दोस्तावर, बोलायचंय. दुसऱ्या सीझनचा सातवा भाग. पंचेचाळिशीचा माणूस, बायको सोडून गेलेली, सगळ्यांवर खेकसणारा. त्याला एका भारी हॉटेलात आठवडाभर उमेदवारीला पाठवत्यात आणि काम काय, तर काटे पुसायचं. सुरुवातीला त्याला वाटतंय आपली चेष्टा चाललीय. मग कळतं की तिथं सगळेच तसं पुसून पुढं आल्यात.

मी लागलो तवा मलाबी ग्लास पुसायला बसवलं होतं. पाण्याचे डाग वाळल्यावर नुसत्या फडक्यानं निघत नाहीत. गरम पाण्याची वाफ द्यायची, मग सुती फडक्यानं आतून पुसायचं, मग काठ, आणि लाईटपुढं धरून बघायचं. बोटाचा ठसा उठला की परत. आमच्या कॅप्टननं एक शब्द न बोलता माझ्या ट्रेमधले निम्मे ग्लास मागं ठेवले होते. लई लागलं होतं मनाला. आता नवीन पोरगा आला की मीच त्याला लाईटपुढं धरायला शिकवतो.

त्या भागात एका टेबलावरची पाहुणी मंडळी बोलता बोलता म्हणत्यात की शिकागोचा जाड पिझ्झा खायचा राहिलाच. रिची ते ऐकतो, पळत जाऊन बाहेरून पिझ्झा आणतो, आणि तो नटवून त्यांच्या पुढ्यात येतो. रिचीचं काम करणाऱ्या इबन मॉस-बॅक्रॅकला दोन्ही वेळा एमी मिळालं. मिळायलाच पाहिजे होतं. गिऱ्हाइकाचं तोंड उजळलं की वाढणाऱ्याला काय वाटतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतंय.

राजारामपुरी, नोकरदार

मी वेगळं मत मांडतो. मालिका चांगली आहे, अभिनय उत्तम आहे, पण विनोदी गटात तिला बक्षीस देणं हा इतरांवर अन्याय आहे. दिवसभर ऑफिसात आरडाओरडा ऐकून आल्यावर घरीही तोच ऐकायचा? तिसऱ्या सीझनमध्ये तर गोष्ट जागची हलत नाही, आणि शेवटी 'क्रमशः' टाकून मोकळे. 'हॅक्स'ला मान मिळाला ते योग्यच झालं.

साने गुरुजी वसाहत, निवृत्त शिक्षिका

नाताळच्या जेवणाचा भाग मी दोन बैठकांत पाहिला, एका बैठकीत सोसवला नाही. कार्मीची आई, डॉना, एकटी स्वयंपाकघरात सात प्रकारचे मासे रांधतेय, हातात दारूचा ग्लास, घड्याळांचे गजर वाजताहेत. बाहेर सगळं खानदान गप्पा मारतंय. मुलगी येऊन पुन्हा पुन्हा विचारते, तू बरी आहेस ना? आणि आई त्या प्रश्नानंच भडकते. शेवटी ती गाडी थेट घराच्या भिंतीत घालते.

आमच्या थोरल्या जाऊबाई गौरीच्या दुसऱ्या दिवशी अशाच असायच्या. आदल्या दिवशी शेपूची भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पन्नास माणसांच्या पुरणपोळ्या. पुरण वाटून वाटून खांदा भरून यायचा. दुपारी तीनला पंगत उठायची तेव्हा त्यांच्या तोंडात घास नसायचा. कुणी "ताई, बसा की आता" म्हटलं की त्या तव्यावर उलथणं आपटायच्या. घरातले म्हणत, स्वभावच तापट. स्वभाव नव्हता तो, अंगातलं सगळं त्राण संपलेलं असायचं. जेमी ली कर्टिसला या भूमिकेसाठी पाहुण्या कलाकाराचं एमी मिळालं. तिच्या डोळ्यांत जाऊबाई दिसल्या मला.

गोकुळ शिरगाव, सध्या एका मेसमध्ये

मला इंग्रजी येत नाही. लेक थांबवून थांबवून सांगत होती. दुकानात रांधणाऱ्या टीनाचा जो भाग आहे, तिसऱ्या सीझनमधला, मायकी जिवंत असतानाच्या दिवसांचा, त्यात ती पंधरा वर्षांच्या नोकरीतून निघते आणि कागद घेऊन दारोदार फिरते. सगळे म्हणतात, ऑनलाइन भरा. माझं तसंच झालं. कारखाना बंद पडला, पॅकिंगला होते मी. जिथं जाईन तिथं वय विचारत.

ती दमून त्या दुकानात शिरते, नुसती कॉफी मागते, ते वर एक सँडविच फुकट देतात. ती रडायला लागते. मग मायकी समोर बसून तिच्याशी नीट बोलतो. मला मेसच्या मालकीणबाईंनी पहिल्यांदा कामाचं विचारलंच नाही, आधी "जेवलीस काय" म्हणाल्या. आता भाकऱ्या माझ्याकडे आहेत.

धागाकर्ता

राजारामपुरीच्या दादांना उत्तर. पहिल्या सीझनमधला मुलांच्या वाढदिवसाचा भाग पुन्हा पाहा. रिचीची चिंतेवरच्या औषधाची गोळी सरबताच्या भांड्यात पडते आणि सगळी पोरं हिरवळीवर ढाराढूर झोपी जातात. मी पोट धरून हसलो होतो. तिसऱ्या सीझनबद्दल तुमचं बरोबर आहे, पण टीनाचा भाग त्याच सीझनमधला आहे आणि तो कार्मीच्या हाताखालच्या शेफचं, सिडनीचं, काम करणाऱ्या आयो एडेबिरीनं दिग्दर्शित केलाय.

नव्यानं बघणाऱ्यांनी विचारलंय म्हणून: मालिका जिओहॉटस्टारवर आहे. शिव्या भरपूर आहेत, लहान मुलांसमोर लावू नका. पहिले दोन भाग डोकं उठवतील, सातव्यापर्यंत थांबा आणि मग ठरवा. हॉटेल लाइनमधल्या आणखी कुणी पाहिली असेल तर जरूर लिहा, विशेषतः भांडी घासणाऱ्यांनी आणि भट्टीवरच्या आचाऱ्यांनी.