मदत हवी आहे: अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जासाठी पर्सनल एसे

नमस्कार मंडळी,

माझी भाची यंदा बारावीला आहे. तासगावजवळ घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. तिला अर्थशास्त्र शिकायला अमेरिकेत जायचंय, शिष्यवृत्ती मिळाली तरच. कॉमन ॲपवरून (तिथल्या अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायची वेबसाइट) अर्ज भरतोय. मार्क, शिफारसपत्रं मार्गी लागली आहेत. गाडं अडलंय ते पर्सनल एसेवर, म्हणजे स्वतःबद्दलच्या निबंधावर. 250 ते 650 शब्दांची मर्यादा आहे. सात विषय दिलेत, त्यातला एक घ्यायचा; सातवा म्हणजे आपल्या मनाचा कुठलाही. तिने तिसरा घेतलाय: एखाद्या रूढ समजुतीला किंवा कल्पनेला तुम्ही कधी प्रश्न विचारलात, तो का सुचला आणि पुढे काय झालं.

पहिला ड्राफ्ट थेट शाळेतल्या निबंधाच्या वळणाचा होता, भारत कृषिप्रधान देश आहे वगैरे. तो तिनेच बाजूला ठेवला. दुसऱ्यात बेदाणा कसा होतो ते आहे: द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, वाळली की गंधकाची धुरी द्यायची. लिहिलंय झकास. पण निम्मे शब्द त्यातच संपतात. वाचणाऱ्याला बेदाणा कळतो, पोरगी कळत नाही.

आणि खरी गोष्ट शेवटी दोन ओळींत उरकली आहे. शेडवरच्या बायकांची हजेरीची वही तीच लिहिते. एप्रिलमध्ये अवकाळी आला की पडदे सोडायचे, काम थांबवायचं, आणि बायकांचा अर्धा खाडा मांडायचा, ही वर्षानुवर्षांची रीत. पाऊस तासाभरात उघडला तरी खाडा अर्धाच. तिने वहीत तासांचा एक रकाना वाढवला आणि खाड्याऐवजी प्रत्यक्ष थांबलेला वेळ मांडायला लागली. दाजी भडकले, "चार बुकं शिकलीस म्हणून धंदा शिकवतेस काय?" बोलाचाली झाली. पण पुढच्या हंगामात नवी वही आणली तेव्हा तो रकाना दाजींनी स्वतः पट्टी धरून आखला.

मला वाटतं निबंध हाच आहे. तिला ते पटतं, पण हात चालत नाही. एक तर "मी हे केलं, मी ते केलं" लिहायचा संकोच. आपल्याकडे स्वतःची टिमकी वाजवू नये हेच शिकवलेलं असतं. दुसरं म्हणजे बाप वाईट दिसेल ही धास्ती. दाजी वाईट नाहीत, त्यांच्या वडिलांनी वही जशी लिहिली तशीच तेही लिहीत आले. हे परक्या वाचकापर्यंत कसं पोचवावं? भांडण मोजकं ठेवून तिच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं यावर जास्त शब्द द्यावेत का? आणि बेदाण्याची माहिती किती ठेवावी? माझ्या मते तीन-चार वाक्यं पुरेत.

पुण्यातल्या एका काउन्सेलरने सुचवलं की दुष्काळ आणि कर्ज लिहा, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. हवं तर आम्हीच लिहून देतो, असंही म्हणाला. भाची म्हणाली, "मामा, आपल्या घरात असं काही झालेलंच नाही." विषय तिथेच संपवला. सगळा मजकूर स्वतःचा आहे अशी हमी अर्जात द्यावी लागते, आणि एआयकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून दिला तर कॉमन ॲप त्याला फसवणूकच मानतं.

जोडीला ती इंग्लंडसाठी यूसीएएसवरही (तिकडच्या विद्यापीठांच्या अर्जांची सामायिक यंत्रणा) अर्ज करतेय. 2026 च्या प्रवेशापासून तिथे सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत, मिळून 4000 अक्षरं, आणि सगळा भर निवडलेल्या विषयावर. तिथे वहीची गोष्ट अर्थशास्त्राला जोडून दोन-चार वाक्यांत घ्यावी, की पूर्ण गाळावी?

इथल्या ज्यांच्या मुलांनी हे अर्ज भरलेत, किंवा जे तिकडे शिकवतात, त्यांनी कृपया सांगावं. ड्राफ्ट इंग्रजीत आहे. कुणी वाचायला तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. वाक्यं दुरुस्त करू नका, फक्त कुठे कंटाळा आला आणि कुठे अजून ऐकावंसं वाटलं तेवढं समासात लिहा. पहिली मुदत 1 नोव्हेंबरची आहे, त्यामुळे दिवाळीच्या गडबडीतही वेळ काढलात तर फार उपकार होतील.