परवान्याचं हत्यार अन् रोजचे कामाचे कपडे : तुमच्या घरचे अनुभव लिहा

जिनिंगवाल्याचा मुलगा
दसऱ्याआधी लोखंडी कपाट आवरत होतो, तर बाबांचा चामडी होल्स्टर हाती लागला. रिव्हॉल्व्हर बाबा गेल्यावर ठाण्यात रीतसर जमा केलं, हा मात्र मागे राहून गेला. पट्ट्याकडच्या बाजूला घामाचे पांढरे डाग तसेच आहेत. वाटलं इथे विचारावं. आपल्याकडे जिनिंग, पेट्रोल पंप, अडत असं करणाऱ्या घरांत .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना असायचा, पण त्यावर कोणी मोकळं बोलत नाही.

बाबा हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये भागीदार होते. नोटबंदीच्या आधीची गोष्ट. हंगामात सकाळी बँकेतून रोकड, दिवसभर काट्यावर, रात्री उरलेली रक्कम घेऊन मोटरसायकलनं घरी. रिव्हॉल्व्हर कानपूरच्या कारखान्याचं, सहा गोळ्यांचं, पाऊण किलोच्या आसपास. पाऊण किलो ऐकायला काहीच नाही. पण टेरीकॉटच्या पँटीला दिवसभर एका बाजूनं लटकलं की पँट तिकडे उतरते अन् माणूस सारखी कंबर सावरतो. तेवढ्यावरून हमालांनाही कळतं की मालकांच्या कमरेला काय आहे.

शर्ट खोचला की फुगवटा दिसायचा. बाहेर सोडला तर गाडीतल्या कापसात हात खुपसून धागा पाहायला वाकले की शर्ट वर, आणि बाबांना दर गाडीला वाकावं लागायचं. कुणीतरी नागपूरहून खांद्यात अडकवायचा पट्टा आणून दिला, पण त्यावर कोट हवा. मार्चमध्ये वर्धा जिल्ह्यात कोट घालून काट्यावर उभा राहणारा माणूस तर लांबूनच नजरेत भरणार!

शेवटी सफारी. गावातल्याच टेलरकडून अर्ध्या बाह्यांचे सफारी शर्ट शिवले, लांबीला जरा जास्त, बाजूची चीर बंद. मोच्याकडून दुहेरी चामड्याचा रुंद पट्टा, वजनानं न वाकणारा. टेलरनं काही विचारलं नाही. माप घेता घेता एवढंच म्हणाला, "उजवीकडून दोन बोटं सैल ठेवतो मालक." घरात त्या वस्तूला 'वही' म्हणायचे. आई दारातून विचारायची, वही घेतली का.

तुमच्याकडे कसं होतं? फक्त परवान्याचं लिहा. बिनपरवान्याच्या फुशारक्या नकोत.

वणीकर भाऊ
आमच्याकडे सफारीवाला दिसला का दोनच शंका. विमा विकाले आला, नाईतर परवाना आहे. हाहा.

सुभेदार (निवृत्त)
फौजेतून आल्यावर बँकेची रोकड नेनाऱ्या गाडीवर गार्ड होतो. आमची बारा बोअरची लांब बंदूक, उघडी. तिले लपवाचा प्रश्नच नाई, लोकायले दिसली पाहिजे हेच तिचं काम. पन मालक लोक कमरेले हत्यार लावून आमच्या गाडीत बसत, ते पाहून पाहून जे समजलं ते सांगतो.

लोक पयले कपडे शिवते, मंग त्यात हत्यार कोंबते. उलटं करा. पयले होल्स्टर अन् पट्टा पक्का करा, मंग त्याच्यावर कपडा. होल्स्टरमंदी ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे. रुमालात गुंडाळून खिशात घालनारे पाह्यले म्या, अन् त्याच खिशात किल्ल्यांचा जुडगा! त्याईले दुरून हात जोडले. खिशातच ठेवाचं असन तर खिशातला होल्स्टर भेटते तो घ्या, अन् त्या खिशात दुसरं काईच नको, सुपारीबी नको. जागा म्हनसान तर उजव्या कमरेच्या हाडाच्या जरा मांगं जी खळगी असते तिथं सपाट बसते. पाठीच्या मदोमद ठेवून मोटरसायकल चालवू नका. घसरले का लोखंड सिद्धं मनक्यावर.

अन् २०१६ च्या शस्त्र नियमात लिवलंच आहे, सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमंदी, झाकून अन् आपल्या ताब्यात पाहिजे. म्हंजे झाकून नेनं हे काई चोरीचं काम नोहे, तोच कायदा आहे.

पऱ्हाटी
सुभेदार साहेब पुलगावचे का? आमचे मामा तिथं फौजेच्या दारूगोळ्याच्या डेपोत होते.

सुभेदार (निवृत्त)
पुलगावचा नाई, देवळीकडचा. मामा कोन्या सालापर्यंत होते?

पऱ्हाटी
२०१६ च्या मे महिन्यात आग लागली ना डेपोले, त्याच्या आधी निवृत्त झाले. मामीनं तेव्हा घरातले सगळे देव पाण्यातून काढले.

पंपवाली
कामाच्या मधे लिहिते आहे, चुका सांभाळा. यजमान गेल्यावर पंप मीच पाहते, पांढरकवड्याच्या बाजूला. परवाना माझ्या नावावर करून घेतला, त्याला लागायचा तेवढा वेळ लागला. पोलिसांचा अहवाल, मग कलेक्टर ऑफिस, मधे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. ते सगळं जमलं. अडलं कुठे, तर कपड्यांत.

तुम्ही सगळे पट्टा पट्टा करता. बाईच्या कपड्याला पट्टा आहे कुठे? साडीचा परकर नाडीवर, सलवार नाडीवर. पाऊण किलो लोखंड नाडीला अडकवून पाहा एकदा. ज्याला विचारावं तो म्हणे पर्समध्ये ठेवा. पर्स दिवसातून कितीदा काउंटरवर राहते, खुर्चीला लटकते, पोरगा सुट्टे काढायला तीच उघडतो. अन् चोर आला तर आधी पर्सच ओढणार ना! मला लुटायला येणाऱ्याच्या हातात मीच हत्यार देऊ?

२०१४ मध्ये कानपूरहून बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर निघालं, अर्ध्या किलोचं. हातात घेऊन पाहिलं, बरं वाटलं. किंमत लाखाच्या वर. यजमानांचं कपाटात असताना लाख कशाला घालायचे?

मग पंपावरच्या पोरांचा गणवेश आहे तसाच मी स्वतःला शिवला. पँट, सैल शर्ट, वर बिनबाह्यांचं जाकीट, भरपूर खिशांचं. खाली जाड पट्टा. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. नंतर त्याच म्हणाल्या, निदान पदर इंजिनात तरी जाणार नाही आता. लांबून पाहणाऱ्याला पंपावर चार पोरं अन् एक मॅडम दिसायची, आता पाच जाकिटं दिसतात. हा फायदा शिवताना डोक्यात नव्हता. बसल्यावर मात्र मूठ बरगडीत टोचते, उंच स्टूल घेतला तेव्हा कमी झालं.

नलूताई
शाब्बास ताई. सासूबाईंना नमस्कार सांगा.

वणीकर भाऊ
पाच जाकिटं! ताई एक नंबर.

रोही मागे लागलेला शेतकरी
आमच्याकडं शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. बंदूक भरमार, म्हंजे नळीच्या तोंडातून बारूद ठासाची, नळी माया पोट्ट्यापेक्षा उंच. ते कोन्या सफारीत लपवू सांगा बरं? धागा चुकला वाटते माया. पन आलोच तर सांगतो, रानडुकरानं या वर्षी तूर झोपवली. जागलीले मचानावर बंदूक घेऊन बसनं म्हंजे निस्ता धाक. रोह्याले, म्हंजे नीलगाईले, तर त्याचीबी सवय झाली, उभा राहून पायते. गोळी चालवाची म्हनसान तर वनखात्याची परवानगी वेगळी. अर्ज, पंचनामा, तवरिक रोही दुसऱ्याच्या वावरात.

पऱ्हाटी
झटका मशीन लाव भाऊ. आम्ही लावली, बरा फरक आहे.

रोही मागे लागलेला शेतकरी
लावली ना. रोही वरून उडी मारते, डुक्कर खालून जाते, झटका फक्त मले बसला.

अडत्याची सून
हाहाहा हे वाचून दुधाकडे लक्ष राहिलं नाही.

आमच्या आजेसासऱ्यांचं सांगते. धोतर अन् बंडी, बारा महिने. बंडीला आतून छातीच्या डाव्या बाजूला जाड खादीचा खिसा, वरून बटण, त्यात जुनं रिव्हॉल्व्हर. वरून दुपट्टा. हात घालून काढायचं म्हणजे आधी दुपट्टा, मग बंडीची बटणं, मग खिशाचं बटण. सासरे म्हणायचे, तोवर दरोडेखोर चहा पिऊन जाईल. पण त्यांनी ते कधी काढायचं मनातच धरलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी रोकड असे आजेसासूबाईंच्या लुगड्याच्या ओच्यात, त्या बैलगाडीत मागे बसलेल्या, अन् हत्यार घेऊन हे पुढे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष. अशी जोडी होती.

डॉक्टर, आर्वी
घामाबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या वडिलांचाही परवाना होता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, चामडं घाम पिऊन घेतं अन् लोखंडाला तोच घाम लागून राहतो. नळीवर गंजाचे ठिपके पडतात. अंगाला थेट लावून ठेवायचं तर मधे बनियन हवंच. शिवाय कमरेला लाल चट्टे उठतात ते वेगळेच. या कारणानं एक पेशंट माझ्याकडे वर्षभर मलम नेत होता, खरं कारण सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही, चट्ट्याचा आकारच सांगत होता.

सुभेदार (निवृत्त)
डॉक्टर साहेब बराबर. रात्री होल्स्टरमंदी ठेवूच नाई. आधी गोळ्या काढाच्या, कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा हात, अन् कुलपात. गोळ्या वेगळ्या कुलपात. नव्या प्लास्टिकच्या होल्स्टरले घाम लागत नाई, कायडेक्स म्हनते त्याले. पन पातळ शर्टातून त्याच्या कडा उठून दिसते.

मास्तर
वाचतो आहे. माफ करा, पण हे सगळं इतक्या हौसेनं लिहायची गरज आहे का? पोरं वाचतात. आमच्या शाळेतला एक मुलगा वडिलांच्या कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते सगळ्या वर्गाला सांगत होता. मी त्याच दिवशी वडिलांना बोलावून घेतलं.

जिनिंगवाल्याचा मुलगा
मास्तर, हौस नाही. बाबांना ते कधीच आवडलं नाही. सदरा काढून खुंटीला लावला की खांदे खाली यायचे त्यांचे. तुमचं कुलपाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमच्याकडे किल्ली बाबांच्या जानव्याला असायची, आंघोळीतही.

नलूताई
मास्तर त्या मुलाचं पुढे काय झालं?

मास्तर
काही नाही. वडिलांनी कुलूप बदललं. मुलगा आता कृषी सेवा केंद्र चालवतो.

तुळजाबाग
माझे काका दारूच्या दुकानाचे परवानाधारक. त्यांचा प्रकार उलटा. लपवायचं सोडा, चहाच्या टपरीवर बसताना शर्ट मुद्दाम मागे सारायचे. सगळ्या गावाला मूठ पाठ. पुतण्याच्या लग्नात वरातीत बाहेर काढतो म्हणाले, आत्यानं मांडवातच हात धरला. २०१९ नंतर हर्षानं हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आत्याला कायदा माहीत नव्हता. तिला भाऊ माहीत होता.

वणीकर भाऊ
निवडणुकीचं कोनी लिहिलं नाई. आचारसंहिता लागली का ठाण्यात जमा करा, पावती घ्या, निकालानंतर सोडवून आना. आमचे बाबा त्या दिवसांत रिकामा पट्टाच बांधत. म्हनत त्याच्याशिवाय चाल बिघडते. अन् गावात एकजन म्हने, "तुमच्या बाबाची चाल पाहूनच समजते, इलेक्शन आलं."

पंपवाली
हे अगदी खरं. चालण्यातच कळतं. सुरुवातीला मी उजवा हात अंगाला चिकटवून चालायचे, पोरं म्हणाली मॅडम खांदा दुखतो का. मुद्दाम हात हलवत चालायची सवय केली. अन् जाकीट थंडीत, उन्हाळ्यात, पावसात, रोज. एक दिवस घातलं अन् एक दिवस नाही, तर त्याच दिवशी लोक विचारतात.

अडत्याची सून
आता सगळं खात्यावर जातं ना, चुकारे पण. आमच्या ह्यांनी तर नूतनीकरणच केलं नाही, परत केला परवाना. मोबाइल मात्र उशीखाली घेऊन झोपतात.

जिनिंगवाल्याचा मुलगा
आमच्याकडेही शेवटची दोन वर्षं नुसतं नेणं-आणणं होतं. रोकड नव्हतीच. बाबा तरी सफारीच घालायचे.

पऱ्हाटी
भाऊ त्या टेलरचं दुकान आहे का अजून? मले बाबासाठी सफारीच शिवाचा आहे, परवाना बिरवाना काई नाई, पोट सुटलं त्याईचं.

जिनिंगवाल्याचा मुलगा
आहे. आता मुलगा बसतो. सफारी शिवतो, पण कापड तुमचं न्या. अस्तर तो चांगलं देत नाही.

रोही मागे लागलेला शेतकरी
हिंगणघाटले जाऊन रायले तर आजचा कापसाचा भाव टाकजा बाप्पा इथं.